सायकलवाल्याला वेडं ठरवण्याआधी

बंगळुरूत सायकलवरून कामाला जाणं म्हणजे जिवाशी खेळ, असं म्हणणारे दोन तऱ्हेचे लोक भेटतात. पहिल्यांना खरोखरच काळजी असते. पुण्याचा किंवा नागपूरचा मुलगा नोकरीसाठी तिकडे जातो, फोनवर सहज सांगतो की हल्ली ऑफिसला सायकलने जातोय, आणि आई लगेच म्हणते, "अरे, तिथलं ट्रॅफिक बघतोस ना?" या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं आणि ते प्रामाणिकपणे द्यायला हवं.

दुसऱ्यांना ना मुलाची काळजी असते, ना सायकलची. त्यांचं म्हणणं असं, की हे शहर आता सायकलचं राहिलेलं नाही. सायकल ही आयटीतल्या चार सुखवस्तू माणसांची हौस आहे. त्यांच्यासाठी रस्त्याची डावी कड अडवून ठेवायची हा बाकीच्या लाखो लोकांवर अन्याय आहे. शिवाय सायकल ट्रॅक करून पाहिले, त्यांवर कुणी फिरकलं नाही, तेव्हा विषय संपला. ही वाक्यं टेक पार्कच्या कॅन्टीनमध्ये ऐकू येतात तशी रस्त्यांचे निर्णय जिथे होतात त्या बैठकांतही ऐकू येतात. यातलं एकेक विधान तपासलं तर एकही टिकत नाही.

हौसेचा आरोप आधी घेऊ. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीची कामं करणारे लोक कामावर कसे जातात, याची नोंद २०११ च्या जनगणनेत आहे. देशभरात त्यांच्यातले सुमारे १३ टक्के, म्हणजे अडीच कोटींहून जास्त माणसं, सायकलने जात होती. स्कूटर-मोटारसायकलने जाणारे जवळपास तितकेच होते, किंचित कमी. मोटारीने जाणारे ३ टक्क्यांच्याही आत होते. त्यानंतर दुचाकी भरमसाट वाढल्या, बंगळुरूतल्या नोंदणीकृत वाहनांनी एक कोटीचा आकडा ओलांडला, हे मान्य. तरीही सायकल चालवणारे शहरातून नाहीसे झालेले नाहीत. ते फक्त टीकाकारांच्या वेळेला रस्त्यावर नसतात.

सकाळी सहाच्या आत सिल्क बोर्डकडून बेळ्ळंदूरकडे जाणाऱ्या सर्व्हिस रोडवर उभं राहावं. रात्रपाळीचे रखवालदार घरी निघालेले असतात, दिवसपाळीचे येत असतात. झाडलोट करणारे, बागकाम करणारे, बांधकामावरचे सुतार आणि गवंडी. जाड नळ्यांची काळी सायकल, मागे कॅरिअर, हँडलला अडकवलेल्या पिशवीत डबा, दिवा बहुतेकदा नाही, हेल्मेट नाहीच. यांच्या पायात सायकलचे खास बूट नसतात आणि मनगटावर किलोमीटर मोजणारं घड्याळ नसतं, म्हणून ते 'सायकलिस्ट' म्हणून कुणाच्या हिशेबात येत नाहीत. नऊ वाजता मोटारीतून येणाऱ्याला त्याच रस्त्यावर रंगीत हेल्मेट घातलेला एखादा इंजिनिअर दिसतो, आणि तेवढ्यावर तो ठरवून टाकतो की सायकल ही इंजिनिअरांची हौस आहे.

या शहराच्या औद्योगिक आयुष्याचा पाया सायकलच्या स्टँडवर घातला गेला. हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना १९४० सालचा, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ चा, एचएमटी १९५३ चा, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ चा. पाळी सुटली की या कारखान्यांच्या दारांतून सायकलींचे लोंढे बाहेर पडत, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारावं. इस्रोचं मुख्यालय आज बंगळुरूत आहे. तिच्या उगमाच्या काळात, साठच्या दशकात, केरळमधल्या थुंबाला रॉकेटचं टोक सायकलच्या कॅरिअरवर ठेवून नेलं जात होतं. त्याचं छायाचित्र आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. आपण ते अभिमानाने एकमेकांना पाठवतो आणि इस्रोच्या शहरात सायकलवरून कारखान्यात जाणाऱ्या फिटरला रस्त्यातला अडथळा समजतो.

आता वेळेचा मुद्दा. सायकल हळू चालते, एवढ्या मोठ्या शहरात ती परवडत नाही, असं सांगितलं जातं. टॉमटॉम ही कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांची वाहतूक मोजते. तिच्या २०२४ च्या आकड्यांनुसार बंगळुरूत दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागत होते. जगात तिसरा क्रमांक. हा वेग ताशी साधारण साडेसतरा किलोमीटर भरतो. बेताच्या ताकदीचा माणूस, घाई न करता, साधी गिअरची सायकल ताशी पंधरा ते अठरा किलोमीटरने चालवतो. लाखो रुपयांची मोटार आणि काही हजारांची सायकल या शहरात एकाच वेळी कामावर पोहोचतात. मोटारीच्या वेळात पार्किंगच्या तळघरात खाली-वर फिरण्याची मिनिटं तर धरलेलीच नाहीत.

सरासरीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे वेळेची खात्री. मोटारीने मारथहळ्ळीला आज ३५ मिनिटं लागतात, उद्या ७० लागतात, पाऊस आला तर किती लागतील ते कुणालाच सांगता येत नाही. सायकलला सोमवारी ४० लागतात आणि गुरुवारीही ४०च. कामावर जाणाऱ्या माणसाचा निम्मा ताण या अनिश्चिततेतून येतो, आणि सायकल तो घरातून निघतानाच उतरवून ठेवते.

सायकलच्या आनंदाबद्दल बोललं की टीकाकारांना हौसेचा पुरावा सापडल्यासारखा वाटतो. म्हणून त्याबद्दल मुद्दाम बोललं पाहिजे, कारण रोज दीड-दोन तास प्रवासात घालवणाऱ्या माणसाला तो प्रवास आनंदाचा व्हावा असं वाटणं हा काही गुन्हा नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच असलेल्या या शहरात एप्रिलचे काही आठवडे सोडले तर सकाळी घाम निथळत नाही. मुंबईकराला किंवा नागपूरकराला हे सुख परकं आहे. जानेवारीपासून मार्चपर्यंत टॅबेबुयाची गुलाबी फुलं रस्त्याच्या कडेला पडतात. मोटारीतून ती दिसतात. सायकलवरून त्यांच्यावरून चाक जातं तेव्हाचा मऊ आवाजही ऐकू येतो. दर्शिनी म्हणतात त्या छोट्या उपाहारगृहासमोर थांबायचं, सायकल भिंतीला टेकवायची, उभ्याउभ्या इडली-वडा आणि कॉफी घ्यायची आणि निघायचं, यात गाडी कुठे लावू हा प्रश्नच येत नाही.

आणखी एक सुख फक्त सायकलवाल्याला कळतं, ते म्हणजे या शहराचा उंचसखलपणा. बंगळुरू एका उंचवट्याच्या पाठीवर वसलं आहे. एका अंगाचं पाणी वृषभावतीतून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळतं. दुसऱ्या अंगाचं हेब्बाळ आणि कोरमंगला-चल्लघट्टा या खोऱ्यांतून दक्षिण पिनाकिनीकडे जातं. शहरातले जुने तलाव या उतारांवर एकाखाली एक बांधलेले आहेत, वरचा भरला की पाणी कालव्यातून खालच्यात. मोटारीत बसणाऱ्याला हे पुस्तकातून समजतं, सायकलवाल्याला पोटऱ्यांतून. कुठे पाय मारावे लागतात आणि कुठे सायकल आपोआप धावते, यावरून पाणी कुठून कुठे जात असणार हे त्याला ठाऊक असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूरच्या बाजूला पाणी साचलं आणि आयटी कंपन्यांच्या लोकांना ट्रॅक्टरमधून न्यावं लागलं, तेव्हा साऱ्या देशाला आश्चर्य वाटलं. त्या उतारावरून रोज पाय न मारता खाली येणाऱ्याला ते वाटायचं कारण नव्हतं.

शरीराच्या फायद्याबद्दल फार लिहायची गरज नाही. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये पाहणीच्या काळातलं मृत्यूचं प्रमाण, गाडीने किंवा बस-ट्रेनने जाणाऱ्यांच्या मानाने, ४१ टक्क्यांनी कमी आढळलं. सायकल चालवणारे मुळातच धडधाकट असतील, ही शंका रास्त आहे. संशोधकांनी वय, धूम्रपान, आहार अशा गोष्टींचा हिशेब करूनही फरक राहिला. मधुमेह आणि हृदयविकार ज्यांच्या घराघरांत आहेत, त्या आपल्या लोकांना यापेक्षा वेगळं औषध सांगायला नको.

"पण तो धूर?" हा प्रश्न पाठोपाठ येतोच. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये याचा नेमका हिशेब मांडला. हवेतल्या बारीक कणांचं, म्हणजे पीएम २.५ चं, प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल तर रोज दीड तासापेक्षा जास्त सायकल चालवल्यावर नुकसान फायद्यापेक्षा जास्त होतं. बंगळुरूची वार्षिक सरासरी साधारण ३० ते ४० च्या घरात असते. सिल्क बोर्डच्या चौकात संध्याकाळी सात वाजता ती सरासरी लागू नाही, हे उघड आहे, आणि तिथे नाकाला रुमाल बांधणारा काही चूक करत नाही. मात्र धुराचं कारण सांगून सायकलवाल्याला घरी बसवायचं आणि धूर सोडणाऱ्याला वाट मोकळी करून द्यायची, या न्यायात कुठेतरी मोठी चूक आहे.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. धोका खरा आहे. तो नाकारणाऱ्या सायकलप्रेमींनी सायकलचं नुकसानच केलं आहे. ज्याला ट्रकच्या चाकाचा वारा कोपराला लागला आहे त्याला 'अहो, काही होत नाही' असं सांगणं हा त्याचा अपमान आहे. पण धोका म्हणजे आकाशातून पडणारी वीज नव्हे. तो कुठून येतो हे बोट ठेवून दाखवता येतं.

रस्त्याच्या डाव्या कडेला पावसाचं पाणी जायला लोखंडी जाळी बसवलेली असते. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असल्या आणि त्यांतली फट दोन बोटांहून रुंद असली की सायकलचं पुढचं चाक तिच्यात रुततं. चाक थांबतं, माणूस थांबत नाही. तो हँडलवरून पुढे फेकला जातो आणि मागून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत पडतो. तीच जाळी काटकोनात फिरवून बसवली तर चाक तिच्यावरून नुसतं खडखडत जातं. लोखंड तेवढंच, मजुरी तेवढीच, गवंडी तोच. कुणीतरी ती बसवताना सायकलचा विचार केला नाही, एवढाच फरक. पावसाळ्यात तिच्यावर चार बोटं पाणी असलं की ती दिसतही नाही, म्हणून जाणता सायकलवाला कडेपासून हातभर आत चालवतो, आणि मागचा मोटारवाला हॉर्न वाजवून त्याला पुन्हा कडेला ढकलतो.

बस थांब्याचंही तसंच. बस सायकलला मागे टाकते, लगेच डावीकडे घुसते आणि थांबते. सायकलवाल्यापुढे दोनच वाटा उरतात: बसच्या उजवीकडून भर वाहतुकीत शिरायचं, नाहीतर उतरणाऱ्या लोकांत घुसायचं. यात बसचालकाचा दोष नाही, त्याला थांब्यावर थांबायचंच आहे. सायकलची वाट थांब्याच्या मागून काढली तर दोघंही सुटतात. उड्डाणपुलांच्या तोंडाशी तर आखणीतच सायकल धरलेली नाही. हेब्बाळला, इब्बलूरला, मारथहळ्ळीला सरळ जाणाऱ्या सायकलला पुलावरून वेगात उतरून डावीकडे वळणाऱ्या वाहनांचा प्रवाह आडवा कापावा लागतो. कडेला उभ्या असलेल्या कॅबचं अचानक उघडणारं दार, आणि यू-टर्न दीड किलोमीटर लांब म्हणून उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या, यांची भर वेगळीच. यातली एकही गोष्ट सायकलमध्ये नाही. सगळ्या रस्त्यात आहेत आणि माणसांनी केलेल्या आहेत.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांतले सुमारे ४४ टक्के मोटारसायकल-स्कूटरवरचे होते, जवळपास १९ टक्के पायी चालणारे, आणि सायकलवरचे ३ टक्क्यांच्या आत. यावरून सायकल मोटारसायकलपेक्षा सुरक्षित ठरते असं म्हणता येणार नाही, कारण कोण किती अंतर कापतो याचा हिशेब या आकड्यांत नाही. पण एक गोष्ट विचारता येते. इतके दुचाकीस्वार मरत असताना "स्कूटर घेऊ नकोस, वेडा आहेस का" असं कुणी म्हणत नाही. "हेल्मेट घाल, सावकाश जा" असं म्हणतात. पायी चालणारे मरतात म्हणून चालणं बंद करा, असंही कुणी म्हणत नाही. धोक्याचं उत्तर म्हणून ती गोष्टच सोडून द्यायचा सल्ला फक्त सायकलच्या वाट्याला येतो.

टीकाकारांचा सगळ्यांत लाडका मुद्दा 'करून पाहिलं, फसलं' हा. तर काय करून पाहिलं, ते तपशिलात पाहू. जयनगरमध्ये २०१२ च्या सुमारास रस्त्यांच्या कडा रंगवून सायकलच्या मार्गिका आखल्या गेल्या. मध्ये अडथळा काही नव्हता, थोड्याच काळात तिथे मोटारी उभ्या राहू लागल्या, त्यांना उठवायला कुणी आलं नाही. मग २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, सिल्क बोर्ड ते कृष्णराजपुरम या सुमारे १७ किलोमीटरच्या बाह्य वळण रस्त्यावर खांब रोवून सायकलसाठी पट्टा वेगळा काढला. राज्याच्या नगर भूपरिवहन संचालनालयाने आणि तेव्हाच्या महापालिकेने हे काम केलं. आयटी कंपन्यांचा देशातला सर्वांत गजबजलेला पट्टा तो हाच, म्हणजे जागा अचूक निवडली होती. केंद्राच्या 'सायकल्स फॉर चेंज' स्पर्धेत २०२१ मध्ये निवडलेल्या ११ शहरांत बंगळुरूचं नाव आलं. नागपूर आणि पिंपरी-चिंचवडही त्याच यादीत होती.

त्या पट्ट्याचं पुढे काय झालं? वाहनांच्या धक्क्याने खांब वाकले, काही तुटले, तुटल्या जागेतून दुचाक्या आत शिरल्या. प्रत्येक चौकाआधी पट्टा संपायचा आणि चौकानंतर पुन्हा सुरू व्हायचा, म्हणजे जिथे जीव जायची भीती सर्वांत जास्त तिथेच सायकलवाला उघडा पडायचा. मग मेट्रोच्या निळ्या मार्गाचं काम सुरू झालं आणि रस्त्याच्या मध्यभागी पत्रे उभे राहिले. राहिलेली जागा मोटारींना लागली आणि पट्टा गेला. याच रस्त्यावर २०१९ मध्ये बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका केली होती, तिचीही तीच गत झाली. बसमध्ये माणसं नव्हती असं तर कुणी म्हणणार नाही. मग राखीव मार्गिका बुडण्याचं कारण वापरणाऱ्यांची उणीव हे कसं? जागा कमी पडली की आधी कुणाची काढून घ्यायची, हे ठरलेलं होतं. दोन्ही वेळा तेच कारण.

"वापर वाढला तर ट्रॅक करू" हे धोरण सोयीचं आहे, कारण ते कधीच अमलात आणावं लागत नाही. स्पेनमधल्या सेव्हिया शहराने उलटं केलं. २००६-०७ च्या सुमारास सलग, उंचवट्याने वेगळे केलेले सुमारे ८० किलोमीटर ट्रॅक एका दमात बांधले. सायकलचा वापर अर्ध्या टक्क्यावरून सहा-सात टक्क्यांवर गेला. तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, हे 'आपल्या हवेत जमणार नाही' म्हणणाऱ्यांसाठी. शिवाय सायकली वाढल्या की दर सायकलमागे अपघात कमी होतात. पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये अनेक शहरांच्या आकड्यांवरून हे दाखवलं. रोज पन्नास सायकली पाहणारा चालक वळताना आरशात बघायला शिकतो, एवढं त्यामागचं साधं कारण असावं.

हॉलंडचं नाव काढलं की "त्यांच्या रक्तातच आहे" असं ऐकावं लागतं. रक्तात काही नव्हतं. साठच्या दशकात ॲमस्टरडॅमचे चौक मोटारींनी भरले होते. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईवडील रस्त्यावर उतरले, मुलांचे खून थांबवा अशी घोषणा देत त्यांनी रस्ते अडवले. त्यानंतरच्या चळवळीतून, तेलटंचाईतून आणि सरकारच्या पैशातून आजचं हॉलंड झालं. पॅरिसचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शहरातल्या ११ टक्के फेऱ्या सायकलने होत होत्या आणि मोटारीने ४ टक्के. पॅरिसच्या लोकांच्या रक्तात दहा वर्षांत बदल होत नाही. महापौरांनी रस्त्यावरची जागा काढून दिली.

कर्नाटक सरकारला सायकलचं महत्त्व कळत नाही, असंही नाही. २००६-०७ पासून सरकारी शाळांतल्या आठवीच्या मुलींना आणि पुढे मुलांनाही सरकारने फुकट सायकली दिल्या. शाळा लांब आहे म्हणून मुलीचं शिक्षण थांबू नये, हा विचार योग्यच होता. त्या पहिल्या मुली आता तिशी ओलांडून गेल्या. त्यांच्यातल्या अनेक जणी पीण्याच्या किंवा बोम्मनहळ्ळीच्या कारखान्यांत कपडे शिवायला येत असतील. गावच्या कच्च्या रस्त्यावर ज्या मुलीला राज्याने सायकल दिली, तिला राजधानीच्या रस्त्यावर सायकल चालवायला दोन मीटर जागा द्यायला त्याच राज्याला जमलेलं नाही. ती आता बसची वाट बघते किंवा टेम्पोत दाटीवाटीने उभी राहते. सायकल ट्रॅकला सुखवस्तूंचे लाड म्हणणाऱ्यांनी तिच्या महिन्याच्या प्रवासखर्चाचा हिशेब एकदा मांडावा.

पैसे नाहीत हे कारण तर या शहरात कुणी देऊच नये. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड असा सुमारे १७ किलोमीटरचा मोटारींसाठीचा बोगदा करायची योजना आहे, तिचा अंदाजे खर्च १७ हजार कोटींच्या पुढे सांगितला जातो. म्हणजे एका किलोमीटरला हजार कोटी. सायकल ट्रॅकसाठी लागणारा पैसा या रकमेच्या तुलनेत नजरेतही भरणार नाही. २००६ च्या राष्ट्रीय नगर वाहतूक धोरणाने वाहनं नव्हे, माणसं हलवायची असं तत्त्व मान्य केलं. त्या तत्त्वावर हा बोगदा कसा बसतो, हे योजना मांडणाऱ्यांनी सांगायला हवं.

सायकल सगळ्यांसाठी नाही, हे मान्य करण्यात काही कमीपणा नाही. व्हाइटफील्डला राहून इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करणाऱ्याने रोज दोन्ही वेळा पंचवीस-तीस किलोमीटर सायकल मारावी, असं कुणी सांगत नाही. त्याला मेट्रो हवी, आणि स्टेशनपर्यंतच्या तीन किलोमीटरसाठी सायकल हवी. नम्म मेट्रोत घडीची सायकल नेता येते, ही चांगली सुरुवात आहे. पण स्टेशनाबाहेर साधी सायकल निर्धास्तपणे लावता येईल असा राखणीचा स्टँड हवा. रात्री दहाला सुटणाऱ्या बाईला दिवे नसलेला सर्व्हिस रोड नको वाटणारच. तिच्यासाठी आधी दिवे हवेत आणि वर्दळ हवी. गुडघे दुखणाऱ्यांना बस आहे. यांतला जो तो आपापल्या सोयीने जाईल. ज्याचं अंतर पाच-आठ किलोमीटर आहे आणि ज्याला सायकल चालवायची आहे, त्याला ती जिवाची भीती न बाळगता चालवता यावी, मागणी एवढीच आहे.

मराठी वाचकाने हे सगळं परक्या शहराचं दुखणं म्हणून वाचू नये. टॉमटॉमच्या त्याच २०२४ च्या यादीत बंगळुरूच्या लगेच खाली, चौथ्या क्रमांकावर पुणं आहे: दहा किलोमीटरला ३३ मिनिटं २२ सेकंद. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणारं पुणं. तिथेही सातारा रस्त्यावर बीआरटीच्या राखीव बसमार्गाच्या जोडीने ट्रॅक झाले, त्यांवर दुचाक्या आणि टपऱ्या उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. आराखडा कागदावर उत्तम आहे आणि रस्त्यावर तो तुकड्यातुकड्यांत सापडतो. तिथेही लोक म्हणतात, करून पाहिलं. बंगळुरूत या वादाचा निकाल जसा लागेल, तसा तो पुण्यात आणि नागपुरात दाखला म्हणून पुढे केला जाईल.

बाह्य वळण रस्त्यावरचं मेट्रोचं काम आज ना उद्या संपेल आणि पत्रे निघतील. मग खालचा रस्ता नव्याने आखावाच लागेल. राज्याच्या भूपरिवहन संचालनालयाने पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या हक्कांसाठी कायद्याचा मसुदा २०२१ च्या अखेरीला लोकांपुढे ठेवला होता, तो पुन्हा बाहेर काढायची हीच वेळ आहे. दोन मीटर रुंदीचा, दगडी कडेने वेगळा केलेला, चौकातूनही सलग जाणारा ट्रॅक. बस थांब्याच्या मागून काढलेली वाट. आडव्या पट्ट्यांच्या जाळ्या. सर्व्हिस रोडवर ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा, आणि ट्रॅकवर गाडी लावणाऱ्याला त्याच दिवशी दंड. हे निविदेत लिहिलेलं असलं पाहिजे, आणि ते लिहून घ्यायला टेक पार्कच्या कंपन्यांनी, रहिवासी संघांनी आणि कामगार संघटनांनी निविदा निघायच्या आधी एकत्र जायला हवं. जाताना सायकलींची स्वतः केलेली मोजणी सोबत न्यावी. ती नऊ वाजता सुरू करू नये, पहाटे पाचला सुरू करावी, म्हणजे रखवालदार आणि सफाई कामगारही आकड्यांत येतील.